दुसरा ब्रेक

गेल्या मार्चमधल्या एका सकाळी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उचगावजवळच्या चढावर तिसऱ्यांदा बंद पडली. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. मी माझ्या नंबरची वाट बघत मागे बसलो होतो.

"आधीचे सर नुसते ओरडायचे. आज जमलं न्हाय तर सोडणार मी," बाई म्हणाल्या.

शेजारच्या प्रशिक्षकांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा ब्रेक होता. त्यांनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली.

"वैनी, माझा पाय आता ब्रेकवर न्हाय. मागचं पावणं बी तुमच्याच हवाली."

"अहो, पाय खाली घ्या की!"

"वर गेल्यावर."

गाडी जराशी मागे सरकली, मग चढू लागली.

माथ्यावर प्रशिक्षकांनी पाय खाली घेतले. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.