न ऐकताच दिलेला होकार

रविवारी चार ते साडेपाच बॅडमिंटन आणि मग रस्त्यापलीकडच्या कॅफेत तासभर गप्पा, हा चौघांचा क्रम दोन वर्षं चुकला नव्हता. खरी नावं चौघांनाही होती, पण हॉलवर ती कुणी वापरत नसे. लांबू शाळेत खेळ शिकवायचा. केकवाली घरीच केक करून विकायची. नर्स मोठ्या इस्पितळात नोकरीला होती. आणि चौथी मुंगी, सव्वीस वर्षांची, फोटोफ्रेमच्या दुकानात काम करणारी. तिला हे नाव लांबूने दिलं होतं, कारण कोर्टवर ती एका जागी म्हणून उभी राहायची नाही.

ती का उभी राहत नाही, हे मात्र लांबूला माहीत नव्हतं. डबल्स खेळताना जोडीदार मागून "सोड!" किंवा "माझं!" असं ओरडतो. मुंगीला ते ऐकूच यायचं नाही. म्हणून ती दिसेल ते शटल स्वतःच घ्यायला धावायची.

तिचा डावा कान तीन वर्षांपासून हळूहळू जात होता. उजवाही पूर्वीसारखा राहिला नव्हता. दुकानात लाकडाच्या पट्ट्या तिरक्या कापायचं मशीन तिच्याकडे होतं, आणि त्याचा आवाज दात आंबतील असा. मालक सुरुवातीला सांगायचे, "अगं, कानावर काहीतरी घाल." ती हसून म्हणायची, "काका, मला सवय आहे." पुढे पुढे मशीनचा आवाज कमी झाल्यासारखा वाटायला लागला, तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. मग एके दिवशी उशीवर उजव्या कुशीवर पडलेली असताना आई दारात उभी राहून बोलतेय आणि फक्त ओठ हलताहेत, असं तिला दिसलं. ती तशीच पडून राहिली. कुणाला काही बोलली नाही.

न बोलण्याचं कारण तिचा मोठा मामा. तो चाळिशीतच ठार बहिरा झाला होता. सुरुवातीला सगळे त्याच्या कानाशी ओरडून सांगायचे, मग थोडक्यात सांगायला लागले, मग "काही नाही, काही नाही" म्हणून हात झटकायला लागले. घरच्या कुठल्याही समारंभात मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेला असायचा. लहानपणी मुंगीही त्याला टाळायची. 

म्हणून तिने युक्त्या शोधल्या. कॅफेत सगळ्यांच्या आधी पोहोचून कोपऱ्यातली खुर्ची धरायची, म्हणजे डावीकडे भिंत येते. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं. सगळे हसले की लगेच हसायचं. "हो ना", "काय सांगतेस!" आणि "अगं बाई!" या तीन उत्तरांवर तिचे बरेच रविवार निभावले होते. एकदाच फजिती झाली. केकवालीचं मांजर गेलं होतं, आणि मुंगी डोळे मोठे करून म्हणाली होती, "काय सांगतेस! भारीच!" त्या वेळी लांबूने तिला बराच वेळ निरखून पाहिलं होतं. घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही.

रविवारची ती आठवडाभर वाट बघायची, आणि शनिवार संध्याकाळपासूनच तिला धाकधूक सुरू व्हायची. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. घरचे सोडले तर या तिघांशिवाय तिला जवळचं असं कुणी नव्हतं.

त्या रविवारी कॅफेतली तिची खुर्ची कुणीतरी लॅपटॉप उघडून अडवली होती. मुंगीला मधल्या टेबलाशी बसावं लागलं, नर्स नेमकी तिच्या डावीकडे आली, आणि मागे कॉफीचं मशीन फुसफुसत होतं. लांबू आणि केकवाली काउंटरवर ऑर्डर द्यायला गेले. तेवढ्यात नर्स तिच्याकडे झुकून बोलू लागली. हळू आवाजात, खाली टेबलाकडे बघत. ओठ दिसेनात. मुंगीला अधूनमधून एखादा सुटा शब्द लागत होता, "इतकी वर्षं" आणि "एकटीला" असा काहीतरी. मग नर्सने मान वर केली. तिचे डोळे भरले होते. तिने काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबली.

"परत सांग" हे दोन शब्द मुंगीच्या अगदी ओठांवर आले होते. पण रडवेल्या माणसाला ते कसं म्हणायचं? ती म्हणाली, "हो गं. नक्की. काळजी करू नकोस."

नर्सने तिला घट्ट मिठी मारली. तेवढ्यात कॉफी आली आणि विषय संपला.

सोमवारी सकाळी नर्सचा मेसेज आला. "काल खूप हलकं वाटलं. शुक्रवारी चार वाजता मग. कुणाला बोलू नकोस हं."

दुकानात मुंगीने एक पट्टी उलट्या बाजूने तिरकी कापली आणि ती वाया गेली. दुपारी धीर करून तिने लिहिलं, "कुठे भेटायचं?" उत्तर आलं, "सांगितलं ना, तिथेच. प्लीज उशीर करू नकोस, माझा धीर सुटेल."

आता विचारायची सोयच राहिली नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत ती लिहायची, "अगं, त्या दिवशी मला नीट ऐकू आलं नव्हतं," आणि पुसून टाकायची. नर्सने विश्वासाने एवढं मोठं काही सांगितलं, आणि आपण ते ऐकलंच नाही हे आता इतक्या दिवसांनी कळवायचं? त्याच दिवशी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. प्रत्येक दिवसागणिक ते जास्तच अवघड होत गेलं.

बुधवारी तिने लांबूला फोन लावला.

"नर्स तुला काही बोलली का रे?"

"कशाबद्दल?"

"असंच. शुक्रवारबद्दल वगैरे."

"शुक्रवारी काय आहे?" लांबूचा आवाज एकदम सावध झाला. "मुंगी, काय चाललंय तुमचं?"

"काही नाही, काही नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि कुणाला बोलू नकोस असं नर्सने बजावलं होतं ते आठवून कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी तिने आपल्या परीने हिशोब मांडला. नर्सची सकाळची पाळी सुटते चारच्या सुमाराला. म्हणजे इस्पितळाचं गेट. दुसरं काय असणार? शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती साडेतीनलाच तिथे जाऊन उभी राहिली. पावणेचार झाले, चार झाले, पांढऱ्या गणवेशातल्या बायका घोळक्याने बाहेर पडल्या. त्यांत नर्स नव्हती. चार वाजून दहा मिनिटांनी तिने फोन केला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला. शेवटी तिने नर्सच्या वॉर्डातल्या एका ओळखीच्या मुलीला गाठलं.

"ती? तिने आज रजा टाकलीय ना," ती मुलगी म्हणाली. "तुम्हाला नाही सांगितलं?"

चार पस्तीसला मेसेज आला. एकच ओळ होती. "राहू दे."

त्या रविवारी नर्स हॉलवर आली नाही. तिघांत डबल्स होईना, म्हणून केकवाली बाकावर बसून राहिली. लांबूने दोनदा विचारलं, "भांडलात का?" मुंगीला वाटलं की आता आपण इथेही फार दिवस नाही.

सोमवारी संध्याकाळी ती नर्सच्या खोलीवर गेली. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, दोन खाटा, खिडकीत वाळत घातलेले मोजे. नर्सबरोबर राहणारी मुलगी पाळीवर गेलेली. नर्सने दार उघडलं, पण "ये" म्हणाली नाही.

"मी इस्पितळाच्या गेटपाशी उभी होते," मुंगी म्हणाली. "साडेतीनपासून."

"गेटपाशी कशाला? बस स्थानकासमोरचं हॉटेल म्हटलं होतं मी. दोनदा म्हटलं होतं."

"मला ऐकू आलं नव्हतं."

"मग विचारायचं ना!"

"मला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं." "हॉटेल नाही, वार नाही, काहीच नाही. मला डाव्या कानाने ऐकूच येत नाही. तीन वर्षं झाली. तू काय विचारलंस तेही मला माहीत नाही. मी नुसतं हो म्हटलं."

नर्स खाटेवर बसली. मग सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाली, "माझे वडील आले होते. मी बारा वर्षांची असताना घर सोडून गेलेले. चौदा वर्षांनी भेटायचं म्हणाले. एकटीला जमणार नाही, येशील का, असं विचारलं होतं तुला. मी पोहोचले, काचेतून ते बसलेले दिसले, तू नव्हतीस. वीस मिनिटं फुटपाथवर उभी राहिले आणि परत आले."

मुंगी रडायला लागली. नर्सने तिला रडू दिलं.

"एक सांग," ती म्हणाली. "दोन वर्षं मी तुला काय काय सांगत आलेय. त्यातलं तू ऐकलंस किती?"

मुंगीला खोटं बोलता आलं असतं. "निम्मं असेल," ती म्हणाली. "कॅफेतलं त्याहून कमी."

"माझ्या भावाचं?"

"भावाचं काय?"

नर्स हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "मी आपली समजत होते, ही किती शांतपणे ऐकून घेते, मध्ये एक शब्द बोलत नाही. अगं, दिवसभर मी लोकांना विचारते, कुठे दुखतंय, काय होतंय. आणि तू माझ्या शेजारी बसून... जा तू आता. मला आज बोलायचं नाहीये."

मुंगी जिना उतरली. घरापर्यंत चालत गेली, कारण बसमध्ये कुणी काही विचारलं तर आपल्याला हुंदका आवरणार नाही अशी तिला धास्ती होती.

तीन दिवसांनी मेसेज आला. "उद्या सकाळी नऊ वाजता इस्पितळात ये. पहिला मजला, कान तपासणी. नंबर लावून ठेवलाय. मुद्दाम लिहून देतेय, म्हणजे ऐकू आलं नाही म्हणायला नको." शेवटी ना हसणारा चेहरा, ना काही.

तपासणीच्या बंद खोलीत कानावर मोठाले हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचं होतं. मुंगीने इथेही आधी सवयीने अंदाजाने बटण दाबून पाहिलं. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडून म्हणाल्या, "आवाज आला तरच दाबायचं हं. ही परीक्षा नाही." ती ओशाळली. गेलेलं परत येणार नाही, पण कानात बसवायच्या यंत्राने भागेल, आणि कापायच्या मशीनपाशी यापुढे कान झाकल्याशिवाय उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आईला सांगितलं तेव्हा आई आधी रागावली, मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली आणि म्हणाली, "तरीच टीव्ही एवढा बोंबलत असतो."

यंत्र बसवून पहिल्यांदा हॉलवर जाताना मामाची खुर्ची डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिने बूट बांधता बांधता, वर न बघता, सगळं एका दमात सांगून टाकलं. केकवाली म्हणाली, "म्हणजे माझ्या मांजराच्या वेळी...?" मुंगीने मान डोलावली. लांबू मात्र फारच हिरमुसला.

"मी तुला किती विनोद सांगितले!"

"निम्मे ऐकूच आले नाहीत रे."

"म्हणूनच तू एवढी हसायचीस होय!" केकवाली म्हणाली, आणि नर्सही हसली. ती त्या दिवशी आली होती, पण मुंगीशी कामापुरतंच बोलत होती. असे आणखी तीन रविवार गेले. यंत्राने कपबशांचा आवाज भांडी कोसळल्यासारखा यायचा, माणसांचे आवाज पत्र्यातून आल्यासारखे. गर्दीत अजूनही सगळं लागत नव्हतं.

चौथ्या रविवारी कॅफेतून निघताना नर्स तिच्या समोर येऊन उभी राहिली. "बाबांनी परत विचारलंय. शनिवारी अकरा वाजता. बस स्थानकासमोरचं हॉटेल. ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"शनिवार, अकरा, बस स्थानकासमोरचं हॉटेल."

शनिवारी मुंगी पावणेअकराला तिथे होती. नर्सचे वडील आधीच आले होते. इस्त्रीचा शर्ट, हात सारखे टेबलावरून खाली, खालून वर. नर्स त्यांच्या समोर बसली, मुंगी तिच्या शेजारी. बराच वेळ प्रवास, हवा, नोकरी असलंच बोलणं चाललं. मग ते कपात बघत काहीतरी पुटपुटले. बाहेर एक बस हॉर्न वाजवत वळली. नर्सने मान हलवली, हो हो म्हणायला तोंड उघडलं.

"काका," मुंगी म्हणाली, "मला कमी ऐकू येतं. काय म्हणालात ते परत सांगाल?"

टेबलाखाली नर्सने तिचं मनगट पकडलं. वडील गोंधळले. त्यांनी एकदा लेकीकडे, एकदा मुंगीच्या कानातल्या यंत्राकडे बघितलं. मग मोठ्याने म्हणाले, "मी म्हटलं, चूक माझी होती. तुझ्या आईची नव्हती."

पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. वडिलांचा चेहरा लाल झाला.

"मग चौदा वर्षांत एक फोन का नाही केलात?" नर्सने विचारलं.

त्यांनी आणखी एकदा हात टेबलाखाली नेले. निघताना त्यांनी नर्सच्या घराचा पत्ता मागितला. ती "कळवते" म्हणाली.

दोघी रस्त्यावर आल्या.

"तू मुद्दाम केलंस ना?"

"नाही गं. खरंच नाही ऐकू आलं."

नर्सने तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग काही पावलं गेल्यावर विचारलं, "पत्ता देऊ का त्यांना?"

मुंगीने जरा विचार केला. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

नर्सने मान हलवली, आणि सिग्नल पडेपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या.