किती वेळा पडलात?

२०२४ सालचा हिवाळा, मार्गशीर्ष महिना. दर मंगळवारी सकाळी परळच्या एका इस्पितळात आम्ही चक्कर येणारे एका बाकावर बसायचो. धडधाकट माणसं एकत्र बसली तर हवापाण्याचं बोलतात. आजारी माणसं बसली की किस्से साठतात. मी सातवी शिकलो, मग गिरणीत गेलो. पाहिलं तेवढंच सांगतो.

तिथे प्राची मॅडम आमचा तोल तपासायच्या. कोणाला पडण्याचा धोका किती, ते कागदावर लिहायच्या. माझ्या मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, धोका जास्त निघाला तर घोडपदेवची खोली बंद. तुम्ही डोंबिवलीला आमच्याकडे."

मला खोली सोडायची नव्हती.

*

पहिल्या दिवशी मॅडमनी मला खुर्चीतून उठून चालायला लावलं. ताठ चाललो.

"आजोबा, घरी भिंतीला हात लावून चालता का?"

"मला कशाला लागते भिंत?"

त्यांनी माझ्या उजव्या बाहीवरचा चुना तेवढा झटकला.

तीस वर्षं गिरणीत कापड विणायचे साचे चालवले मी. कापडातला एक तुटलेला धागा लांबून ओळखायचो. तशी नजर दुसऱ्या कोणाची त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

*

आमच्या बाकावरच्या पार्वतीबाईंनी उभा जन्म पाटी डोक्यावर घेऊन मासे विकले. त्यांना जाड फोमवर डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. दोनदा कलंडल्या. दोन्ही वेळा मॅडमनी सावरलं.

"डोक्यावर काय तरी दे गो बाय. रिकाम्या डोक्याने मी कधी उभी राहिलेय?"

मॅडम हसल्या. मग कपाटातून व्यायामाची वाळूची पिशवी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. पार्वतीबाईंनी डोळे मिटले आणि देवळातल्या खांबासारख्या उभ्या राहिल्या. मॅडम घड्याळ बघायचं विसरल्या.

"आता घरभर पिशवी घेऊन फिरू काय?" पार्वतीबाई म्हणाल्या.

"नको. पण कागदावर काय लिहू, ते तुम्हीच सांगा."

*

बाकावरचा अंतोन माझगावचा. गोदीत जहाजांच्या दोरखंडांचं काम करायचा, डोलकाठीवर शिडासारखा सरसर चढायचा. जमिनीवर आखलेल्या रेघेवर टाचेला बोट जुळवत तो असा चालला, की आम्हाला आमचीच लाज वाटली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता मान डावीकडे-उजवीकडे फिरवत चाला."

चौथ्या पावलाला अंतोन थेट पाण्याच्या पिंपावर.

"उंचावर चढलेला माणूस इकडंतिकडं बघत नाय, मॅडम. बघणारे लवकर गेले."

"आणि रस्ता ओलांडताना काय करता?"

अंतोनचं तोल जाणं मॅडमना सरळ रेघेवर दिसलं नव्हतं, तरी त्यांनी ते शोधून काढलं.

*

त्याच दिवशी मॅडमनी मला विचारलं, "वर्षभरात किती वेळा पडलात?"

"एकदाही नाही."

ते खरं होतं. अर्ध्या तासाने खोटं झालं. इस्पितळाच्या जिन्याला कठडा होता, मी धरला नाही. जिना गरकन फिरला. अंतोन दोन पायऱ्या खाली होता. त्याने वळून मला छातीवर घेतलं. मला ओरखडा नाही. त्याचं मनगट भिंतीवर आपटून मोडलं.

"पोराला सांगू नको," तो म्हणाला. "तुझी खोली जाईल."

पुढच्या मंगळवारी त्याच्याबरोबर त्याची मुलगी आली, माझ्याबरोबर माझा मुलगा. अंतोनचा हात प्लास्टरमध्ये.

"कसे पडलात?" मॅडमनी विचारलं.

"घसरलो."

"बस झालं, डॅडी," मुलगी म्हणाली. "एकटं राहणं बंद. आता वसईला चला."

मॅडमनी पेन उचललं. अंतोन भिंतीकडे बघत होता.

मी उठलो. "तो पडला नाही. पडलो मी. त्याने मला झेललं."

माझा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मॅडमनी अंतोनचा कागद बाजूला ठेवला आणि माझा काढला.

"कुठे?"

"इथल्याच जिन्यात. कठडा धरला नव्हता."

त्यांनी लिहून घेतलं.