जाम नट आणि खोलीभर कापूस

नातवंडांनो, तुम्ही तिकडे कापूस पाहता तो कपड्यांतच, म्हणून आधी हे सांगते. आमच्या कळसाडी गावात वेचणी झाली की कापूस घरात येतो. भाव चढेपर्यंत तो पुढच्या खोलीत रचतात, पार छताला टेकेपर्यंत. गेल्या हिवाळ्यात आमचीही खोली अशीच भरली होती. भिंतीलगत एका माणसापुरती वाट तेवढी उरली होती. आणि त्या खोलीच्या दाराबाहेर, ओट्यावर, तुमच्या आजोबांनी मोटारसायकल चढवून ठेवली होती. गाडी उंचावर असली की त्यांना अंगणात उभं राहून काम करता येतं, गुडघे मोडून बसावं लागत नाही.

सायलेन्सर गंजून फुटला होता. नवा आणलेला होता, पण जुना निघेना. तो इंजिनाला दोन नटांनी धरलेला असतो. एक सुटला, दुसरा जाम. फार जोर लावला तर नट फिरत नाही, आतला बोल्टच तुटतो आणि त्याचा तुकडा इंजिनात अडकून बसतो. आजोबांना त्याची धास्ती होती. म्हणून ते नटावर ट्रॅक्टरचं डिझेल सोडत होते. डिझेल ओघळून जाऊ नये म्हणून त्यांनी ढिगातला मूठभर कापूस घेतला, भिजवला आणि दुखऱ्या दाताला लवंगेच्या तेलाचा बोळा धरावा तसा नटाच्या मागे दाबून बसवला. आमच्याकडे हात पुसायला, तेल लावायला, फट बुजवायला कापूसच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नट हलेना. दुपारी माझे धाकटे दीर शेतातल्या पाइपांची तोंडं तापवायची गॅसची बंदूक घेऊन आले. नट तापला की फुगतो आणि गंजाची पकड सुटते, असं त्यांचं म्हणणं. तिची निळी ज्योत फुरफुरली. मी म्हटलं, गाडी अंगणापलीकडे निंबाखाली न्या. आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दीर हसले. “भाऊ, पहिले टाकी उतार. वहिनी घाबरी ऱ्हायनी.”

दोघांनी पेट्रोलची टाकी काढून पार गोठ्याशी नेऊन ठेवली. आजोबा हात झटकत म्हणाले, “टाकी गई. आते तरी सुखे बसशी का?”

मला खरंच जरा बरं वाटलं. भीती पेट्रोलची होती आणि पेट्रोल दूर गेलं होतं. त्या बोळ्याची आठवण तिघांपैकी एकालाही झाली नाही.

ज्योत नटाला लागली, आणि नटामागून भप्पकन पिवळा जाळ उठला. बोळा सुटून ओट्यावर पडला, फुटला, आणि त्याचे पेटते पुंजके वाऱ्यावर माझ्याकडे, म्हणजे दाराकडे, यायला लागले. मी मागे हात नेऊन दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. दिरांनी अंगणातली माती ओंजळींनी फेकली. आजोबा ओट्यावर चढून चपलेने पुंजके चिरडत होते. त्यांच्या हातावरचे केस जळाल्याचा वास मला येत होता.

जाळ विझला. पण मला दार उघडवेना. मी ते ओढण्याआधी एखादा पुंजका आत गेला असला तर? कापूस लगेच भडकत नाही. आतल्या आत धुमसतो आणि तासाभराने किंवा रात्री सगळा ढीग एकदम पेटतो. हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

आजोबांनी दार उघडलं. धूर नव्हता. आम्ही तिघं ढिगात कोपरापर्यंत हात घालून ऊब शोधू लागलो. पण रचलेला कापूस आतून उबदारच असतो. जिथे हात घालावा तिथे ऊब. शाळेत शिक्षिका असताना, आग लागली तर काय करावं हे मी वर्षानुवर्षं मुलांना इंग्रजीतून पाठ करून घेतलं होतं. त्यातला एक शब्द मला आठवेना.

आजोबा मध्येच थांबले. हलक्या आवाजात विचारलं, “तुले वास ई ऱ्हायना का?”

आमच्या सगळ्या संसारात त्यांनी मला घाबरून काही विचारल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, “तुमच्या हाताचा असेल.” ते हात पाठीमागे धरून पुन्हा हुंगू लागले.

मग कापूस बाहेर काढायचं ठरलं, सगळा. ताडपत्र्या अंथरल्या आणि कवेत धरून धरून आम्ही तो अंगणात नेऊ लागलो. दाराच्या चौकटीशी, अगदी खालच्या थरात, तळहाताएवढं तपकिरी भोक दिसलं. त्याची कड लाल होती, आणि आम्ही पाहत असतानाच ती हळूहळू रुंदावत होती. आजोबांनी तो गोळा उघड्या हातांनी उचलला आणि बादलीत दाबून धरला. पाणी चरचरलं.

दीर ओट्यावर बसून राहिले. आजोबा बोटं पाण्यातून काढेनात. माझ्या मनात एकच आलं आणि मी ते बोलून दाखवलं: एक सापडलं, म्हणजे एकच होतं असं थोडंच आहे?

आजोबा ओल्या हातांनी तसेच उठले, आणि आम्ही पुन्हा कापूस उपसू लागलो, खोलीची फरशी दिसेपर्यंत. शेवटी मी फरशीवर बसून कोपऱ्याकोपऱ्यातून तळवा फिरवला. सगळीकडे ती गार होती.