हारासकट उडालेलं विमान

सिन्नरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या प्रेसवर अर्धं आयुष्य काढलेल्या गोरक्षनं पावसाळाभर खपून फोमचं विमान बनवलं. रिमोटवर चालणारं, हातभर लांब पंखांचं. पहिलं उड्डाण दसऱ्याला, असं त्यानं गल्लीत जाहीर केलं आणि तिथंच फसला. दसऱ्याला घरातलं प्रत्येक यंत्र पूजेला बसतं, आणि हे खेळणं नसून यंत्र आहे, हे त्यानंच बायकोला मोठ्या कष्टानं पटवलं होतं.

सवितानं मोटरसायकल आणि मिक्सरच्या पंगतीत विमानालाही झेंडूचा भरगच्च हार घातला. पुढं पंखा फिरतो, म्हणून विचारपूर्वक शेपटीला. तिचा भाऊ रावजी गावोगावची माणसं भरून नेणारी वडाप जीप चालवायचा. गोंडे, आरसे आणि भोंगे यांच्या आड त्या जीपचा मूळ रंग कुणाला आठवत नव्हता. त्यानं डाव्या पंखाच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली.

"अगं, हार काढावा लागंल. शेपूट जड झालं की नाक वर जातं."

"पूजेचा हार सणाच्या दिवशी काढतात का? प्रेसला घालता तेव्हा प्रेस अडती का तुमची?"

"प्रेस बोल्टानं आवळलेली असती."

"दाजी, माझ्या जीपला एवढं लटकलंय," रावजी म्हणाला. "काय झालं तिला?"

"तुझी जीप उडत नाय."

"उतारावर बसून बघा एकदा."

अख्खी गल्ली माळावर जमली. विमान धावलं, उठलं, घोड्यासारखं पुढून उभं राहिलं, पंखाखालचा वारा सुटला, लिंबू-मिरचीच्या बाजूला कलंडलं आणि शेजारच्या मक्यात शिरलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मते कार्यक्रम यथासांग पार पडला होता.

मका दाट होता, विमानाला ओरखडाही नव्हता. गोरक्षनं ते पंखांखाली दोन बोटांवर तोललं. जिथं ते सरळ राहिलं, तिथंच पोटाला हार आवळून गुंडाळला आणि लिंबू-मिरचीही तिथंच खोचली.

"काढला नाय. सरकवला," तो सविताला म्हणाला.

"कंबरेला हार?"

"यंत्राला चालतो."

तिनं क्षणभर देवाच्या बाजूनं विचार केला आणि मान हलवली.

या खेपेला धाव लांबली. माळ संपत आला तेव्हा कुठं चाकं सुटली. झेंडू वाऱ्याला अडत होता, नाक खाली ओढत होता. गोरक्षनं रिमोटची काडी किंचित मागं धरून ठेवली. वळायला विमान भरल्या जीपइतकाच वेळ घेत होतं. पण ते वर होतं, नारिंगी पोटाचं, आणि गल्ली मान वर करून बघत होती. रावजीसुद्धा.

एक फेरी झाली. मोटर बंद केली तर हारामुळं धोंड्यासारखं येईल, म्हणून ती चालू ठेवूनच तो विमान हळूहळू उतरवायला लागला. सवितानं त्याची बाही ओढली.

"अहो, आत्ताच नका उतरवू. शेजारच्या कुसाबाई मघाशी मक्यात शिरलेलं बघून घरी गेल्या होत्या, त्या आत्ता परत येतायत."

गोरक्षनं मोटर पुन्हा वाढवली.