मामाजींची एकुलती एक घाई

माझ्या बायकोच्या मामाजींइतका सावकाश माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मामाजी देवळीतले लहान मुलांचे डॉक्टर. त्यांच्या चालत्या स्कूटरला बकऱ्या मागे टाकून जात. ते बुटाची नाडी बांधायला बसले की आम्ही चहा ठेवायचो. चहा पिऊन झाला की ते दुसऱ्या बुटाकडे वळायचे. दवाखान्यातही तीच तऱ्हा. नुसती सर्दी झालेल्या पोराचेही डोळे, जीभ, नखं, तळवे निवांत न्याहाळणार. बाहेर ताटकळलेल्या आया कुरकुरल्या तर म्हणत, "बाई, लेकरू सांगत नाई ना! पाह्यल्याशिवाय कसं समजंन?"

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते आंजीला आमच्याकडे जेवायला आले. माझी चार वर्षांची चिमी तेव्हा पाच दिवस तापाने फणफणली होती. औषधाला ताप दाद देत नव्हता, अंगावर पुरळ होतं, आणि जो तो गोवर म्हणत होता. मामाजींनी पहिला घास उचलला, समोरच्या चिमीकडे पाहिलं आणि घास ताटात ठेवला. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले, जीभ लालभडक, तळहात सुजलेले. एरवी मला जावईबापू म्हणणारे मामाजी ओरडले, "अबे, काऊन बसून राह्यला? गाडी काढ!"

वाटेत म्हणाले, "कावासाकी म्हणते याले. रक्ताच्या नळ्या सुजते. उशीर झाला तं हृदयाच्या नळ्या फुगते, मंग जन्माचं दुखणं." मी गाडी आणखी दामटली. वर्ध्याच्या दवाखान्यात उतरलो तेव्हा दिसलं, मामाजी तशा उन्हात अनवाणीच आले होते.

तपासण्या झाल्या, त्यांचा संशय खरा ठरला आणि शिरेतून औषध सुरू झालं. ते थेंबाथेंबानेच द्यायचं असतं. बाटलीकडे पाहून माझा जीव टांगणीला लागला होता. "आता घाई नाई करायची. हे आपल्या चालीनंच जाते," म्हणत मामाजी बाटली संपेपर्यंत चिमीच्या उशाशी बसले. ताप उतरला. पुढे हृदयाची तपासणी करून तिथले डॉक्टर 'नळ्या ठीक आहेत' म्हणाले, तेव्हा मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

आता मामाजींचे गुडघे गेलेत, दवाखानाही बंद झालाय. आम्ही देवळीला गेलो की ते, म्हणजे चिमीचे आबाजी, तिचं बोट धरून कोपऱ्यापर्यंत फिरायला निघतात. घरभर हुंदडणारी ती पोर त्यांच्यासोबत मात्र पाऊल पाऊल टाकते. मी जरा पुढे झालो की दटावते, "बाबा, आबाजीले घाई नाई आवडत!" मग मी मागे होतो, आणि कोपरा इतक्यात येऊ नये असं मला वाटत राहतं.