दुसऱ्या भागापासून वाचलेलं जग

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पेन्सिलीचं टोक पाठीच्या मधल्या मणक्यांवर टेकवलं. "बाई, हे दोन मणके बघा. वरच्यासारखे चौकोनी दिसतात का?" दिसत नव्हते. उंदराने कुरतडलेल्या खडूसारखे दिसत होते. "याला पॉट्स स्पाइन म्हणतात. मणक्याचा क्षय. टीबीच, पण फुप्फुसात नाही, हाडात."

मी विचारलं, "पडून वाचता येईल का?"

डॉक्टर हसले. माझ्या शेजारी बसलेले हे मात्र हसले नाहीत, कारण डॉक्टर पुढे बोलत होते. पायातली ताकद कमी झाली आहे. तीन महिने लाकडी फळीवर सपाट पडायचं, इंजेक्शनं आणि गोळ्या घ्यायच्या. तीन महिन्यांत पायांत जोर आला तर ठीक. नाही आला तर पुण्याला ऑपरेशन, आणि त्यानंतरही चालता येईल याची खात्री देता येणार नाही. हे सगळं ते नवीन जिल्ह्याच्या रस्त्यांची माहिती द्यावी तशा आवाजात सांगत होते. मला तो आवाज आवडला. रडारड असती तर मीही रडले असते.

ज्यांची पाठ दुखते त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, म्हणून सुरुवात नीट सांगते. पाठ दिवाळीपासून दुखत होती. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, रेणापुरात दिवाळीनंतर टँकर सुरू झाला, आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या पाठी एकदमच दुखायला लागल्या. घागरी उचलून उचलून. आम्ही रांगेत उभ्या राहून एकमेकींना तेलं सुचवायचो. त्यात माझीही एक पाठ. तिचं दुखणं वेगळं आहे हे कुणाला कळणार? रात्री पडल्यावरही दुखायची, संध्याकाळी अंगात कसर यायची, ब्लाउज सैल झाले होते. पण दुष्काळात कोण बाळसं धरतं? आठ महिने मी घागरीला शिव्या दिल्या. शेवटी शाळेत फळ्यापाशी पाय लटपटले आणि मी मुलींसमोर खाली बसले, तेव्हा कुठे लातूर गाठलं.

मी भूगोल शिकवायची. आजाराच्या आदल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, तुमी ह्यातला कंचा देश बघितलाय?" मी सोलापूरच्या पलीकडे गेले नव्हते. त्या दिवशी मनाशी ठरवलं, की ज्या देशाचा धडा शिकवायचा त्या देशातलं निदान एक पुस्तक आधी वाचायचं. घरात भिंतीवर जगाचा नकाशा लावला. पुस्तक झालं की त्या देशावर लाल टिकली. आजारी पडले तेव्हा पाच टिकल्या होत्या. शंभर करायच्या, असं मी ह्यांना ऐटीत सांगितलं होतं.

फळीवर पडल्यावर तो नकाशा पायांच्या समोर आला. गोळ्यांमध्ये इथॅम्ब्युटॉल म्हणून एक होती, ती क्वचित डोळ्यांच्या नसेला त्रास देते. आधी लाल आणि हिरवा रंग ओळखू येईनासा होतो. डॉक्टरांनी रोज रंग तपासायला सांगितलं होतं. मी सकाळी जाग आली की आधी लाल टिकल्या मोजायची, मग नकाशावरचे हिरवे देश. दुसऱ्या एका गोळीने लघवी केशरी होते, हे मात्र ते सांगायला विसरले. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, भांडं बघून भिंतीला टेकल्या. "अगं बाई, रगत चाललंय!" ह्यांनी सायकल दामटत दवाखाना गाठला आणि तो गोळीचाच रंग आहे हे ऐकून हात हलवत परत आले. तुम्हाला ही गोळी लागली तर घाबरू नका.

हे लातूरला कचेरीत होते, रोज एसटीने जायचे-यायचे. पुस्तकं तेच आणायचे, तिथल्या एका खासगी वाचनालयातून. हे वाचनालय आधी उस्मानाबादच्या एका वाचनालयाची शाखा होतं. जिल्हा वेगळा झाला तसं वाचनालयही वेगळं निघालं आणि पुस्तकांची वाटणी झाली. भांडण नको म्हणून दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून तोड काढली: नोंदवहीतले विषम आकडे त्यांना, सम आकडे आपल्याला. आता दोन भागांची कादंबरी आली की लागोपाठचे दोन आकडे पडणार. पहिल्या भागावर विषम आकडा पडला की तो तिकडे राहिला, दुसरा इकडे आला. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण इतक्या जाड कादंबऱ्या वाचत कोण होतं?

माझ्यासाठी ह्यांनी मुद्दाम जाड पुस्तकं मागितली होती. रशियातली आली, जपानमधली आली, नॉर्वेतली आली. नशिबाने तिन्ही दुसरे भाग. ह्यांनी तक्रार केली तर ग्रंथपाल गुरलिंगप्पा म्हणाले, "एक तिकडं, एक इकडं. कुनावरच अन्याव न्हाई, साहेब." पहिला भाग मागवतो म्हणाले, पण दोन्ही वाचनालयांत वाटणीनंतर बोलणं नव्हतं.

मग काय, होतं ते वाचलं. पहिल्याच पानावर कुणीतरी मेलेलं असायचं आणि बाकीचे का रडत आहेत ते मला ठाऊक नसायचं. आत्याबाई दुपारी माझ्यापाशी ज्वारी निवडत बसायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी मोठ्याने वाचायला लागले तर त्यांनी लगेच अडवलं. "थांब. हिचा नवरा कुटं गेला?"

"पहिल्या भागात गेला असंल."

"असंल म्हंजे? असंच मधून कसं सांगायलीस? आदी काय झालं ते सांग."

म्हणून मी पहिले भाग रचायला लागले. सकाळी पुढची पानं मनात वाचायची, त्यावरून आधी काय घडलं असेल ते जुळवायचं आणि दुपारी सांगायचं. आत्याबाई खोट काढण्यात वस्ताद. रशियातल्या घरी धुणीभांडी कोण करतं इथपासून त्यांची तपासणी असायची. जपानी कादंबरीतल्या सुनेला मी तीन दीर दिले होते, आणि पुढे वाचताना दोनच निघाले. "तिसऱ्याचं काय केलंस?" आत्याबाईंनी विचारलं. मी त्याला घोड्यावर बसवून लढाईवर धाडलं आणि तिथे मारून टाकलं. त्यांनी हातातली ज्वारी सुपात टाकून त्याच्यासाठी थोडं दुःख केलं.

असे दोन महिने गेले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन होतं, त्याने कान गुणगुणायचे. पंधरा दिवसांनी ई.एस.आर. व्हायची. ती रक्ताची तपासणी, शरीरात दाह किती आहे ते सांगणारी. आकडा उतरत होता, पण पाय जागचे हलत नव्हते. डॉक्टर घरी येऊन हातोडीचा दांडा तळव्यावर ओढायचे आणि "हं" म्हणायचे. मी त्या "हं"चा अर्थ लावायची. खरं सांगते, तिसऱ्या महिन्यात मी घाबरले. पुस्तक छातीवर उघडं ठेवून नुसतं नकाशाकडे बघायची. सात टिकल्या, एकही नवी लावायला मला स्वतःला उठता येत नव्हतं. मुलींना जग शिकवणारी बाई न्हाणीपर्यंत जाऊ शकत नव्हती. एकदा आत्याबाईंना म्हटलं, "मला न्हाई वाचायचं आता." दुपारी त्या सूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्यो नावाडी पोचला का न्हाई तेवढं सांग. मंग झोप."

नॉर्वेची कादंबरी होती. वादळात होडी सापडली होती. मी नाइलाजाने वाचायला लागले आणि चार पानांनी त्यात बुडाले. नावाडी वल्हं मारत होता, किनारा दिसत होता, आणि आत्याबाईंच्या सुपाचा आवाज थांबला.

"परत वाच."

"काय?"

"ते वल्ह्याचं परत वाच. तुझा अंगठा हालला."

मी परत वाचलं. नाही हलला. तिसऱ्यांदा मी पुस्तक खाली ठेवलं आणि अंगठ्याकडे बघत नुसता जोर लावला. उजव्या पायाचा अंगठा हलला. नखाएवढा असेल, पण हलला. आत्याबाईंनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि डोळे मिटले. मी ढसाढसा रडले. आठवडाभराने डॉक्टरांनी दांडा ओढला आणि "हं" न म्हणता "वा, बाई" म्हणाले. पुणं टळलं.

पुढचे महिने भराभर गेले असं वाटतं, पण गेले नाहीत. आधी कुशीवर वळणं, मग प्लास्टरचं जाकीट, मग भिंत धरून उभं राहणं. नववी टिकली मी स्वतः लावली, ब्राझीलवर. संक्रांतीच्या सुमारास आधाराशिवाय ओसरीपर्यंत गेले. दुसऱ्याही वर्षी पाऊस बेताचाच होता, टँकर चालूच होता.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाठ लई धरलीय. घागरीनं."

हेच वाक्य मी आठ महिने म्हणत होते. रात्री दुखतं का, ताप येतो का, वजन उतरलं का? त्या चिडल्या. "मला काय धाड भरलीय? घागरच हाय ती." मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी जाकीट घालून, ह्यांचा हात धरून, मी स्वतः त्यांना एसटीने लातूरला नेलं.

बाकावर दोन तास बसलो. डॉक्टरांनी एक्स-रे त्याच खिडकीत धरला. मी मणके वरून खाली मोजले. सगळे चौकोनी होते. "टीबी नाही," डॉक्टर म्हणाले. "खरंच ओझ्याने धरली आहे. रोज किती घागरी आणता?"

"चौदा," आत्याबाई म्हणाल्या.

"घरात माणसं तिघं ना?"

"हिला पुसून घ्यायला लागतं, चादरी रोज धुवायला लागतात. पडलेल्या मान्साला पानी जास्त लागतं."

त्या मला बोल लावत नव्हत्या, डॉक्टरांना हिशेब सांगत होत्या. मी सात महिने घरात लोळून रशिया, जपान, नॉर्वे पाहिले होते. दारासमोरची टँकरची रांग पाहिली नव्हती. तिच्यात माझ्या जागी कोण उभं राहतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. दुपारी ज्वारी निवडायला बसायच्या ती त्यांची दिवसातली पाठ टेकायची पहिली वेळ असायची, आणि तेव्हाही मी त्यांना खोटे दीर सांगत होते.

डॉक्टरांनी त्यांना तीन आठवडे फळीवर पडायला सांगितलं. फळी घरात होतीच. घागरी आता हे सायकलला बांधून आणू लागले, कचेरीच्या आधी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. गल्लीतल्या बायका हसल्या, मग सवय झाली.

गुरलिंगप्पांना आमची हकिगत कळली. ते स्वतः उस्मानाबादला गेले आणि तीन पहिले भाग घेऊन आले. मी जपानची कादंबरी उघडली आणि फळीवर पडलेल्या आत्याबाईंना पहिल्या पानापासून, खरीखुरी, वाचून दाखवू लागले. दीर दोनच होते. तिसरा नव्हताच, तर लढाईत मरणार कुठून?

दहा पानं त्यांनी ऐकून घेतली. मग हात वर केला.

"हे ऱ्हाऊ दे. तू सांगितलेलं सांग."

"अहो, ते खोटं होतं."

"असू दे. तवा तुझं पाय हालत नव्हतं, तरी त्यो पोरगा घोड्यावर बसून गेला ना? त्याचं सांग."

मी पुस्तक मिटलं आणि तिसऱ्या दिराला घोड्यावर बसवलं.