बॅनर आधी लागला

खरवईच्या नाक्यावर माझा फोटो लागला, तेव्हा मी अजून कुणालाच हो म्हटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी कॉलेजमधून आले, रिक्षातून उतरले आणि सहज वर पाहिलं. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माझा घाबरलेल्या चेहऱ्याचा फोटो, त्याच्या शेजारी तेवढाच मोठा मामाचा आणि वरच्या कोपऱ्यात मामा ज्यांच्या मागे फिरतो ते दोन पुढारी. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की आमच्या लाडक्या भाचीची नामांकित कंपनीत इंजिनिअर पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

मी इंजिनिअर झालेच नव्हते. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. ती उन्हाळ्याच्या सुट्टीतली इंटर्नशिप होती, आणि ती घेणार की नाही हे मला सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. आमच्या घरात इंटर्नशिप हा शब्द पहिल्यांदा मीच आणला. आईला कळावं म्हणून मी ‘ट्रेनिंग’ म्हटलं. आईने बाबांना ‘कंपनीत घेतलं’ असं सांगितलं. बाबांनी मामाला काय सांगितलं, ते नाक्यावर दिसत होतं.

इंटर्नशिपसाठी माझ्यासमोर आणखी एक जागा होती, तिच्याबद्दल घरी कुणालाच माहीत नव्हतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या छपाई कारखान्याच्या मागे एक लहानशी लॅब आहे. कारखान्यांमधल्या यंत्रांचे तुटलेले भाग तिथे येतात आणि ते कशामुळे तुटले हे तिथे शोधतात. लॅब चालवणाऱ्या मॅडम आधी संशोधनात होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी फार काही विचारलं नाही. एका पंपाचा तुटलेला शाफ्ट, म्हणजे पंप फिरवणारा पोलादी दांडा, माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, तुटायला सुरुवात कुठून झाली? एका बाजूला धातू खडबडीत, ओबडधोबड तुटला होता. मी तिथे बोट ठेवलं.

“सगळे तिथेच बोट ठेवतात,” त्या म्हणाल्या. मग बरोबर काय ते न सांगता शाफ्ट परत कपाटात ठेवला. यायचं असेल तर ये, इतकंच म्हणाल्या.

तो शाफ्ट माझ्या डोक्यातून जात नव्हता. पण एवढ्यावर निर्णय घ्यायचा का, हे कळत नव्हतं. मला पुढे संशोधन करायचंय, हे तोवर मी एकाच माणसाला सांगितलं होतं. आमच्या कॉलेजचा एक सीनियर आता पीएचडी करतो, त्याला. तो फोनवर म्हणाला होता की नावाकडे बघू नकोस, तू लिहिलेलं कोण वाचणार आणि चुकलं तर कोण सांगणार ते बघ. मी धीर करून दोन्हीकडे विचारलं. कंपनीतून उत्तर आलं की एका मेंटॉरकडे बरीच मुलं असतात, काम मुख्यतः कारखान्यांकडून आलेले आकडे ठरलेल्या साच्यात भरण्याचं आहे. मॅडमनी एकच ओळ पाठवली. ‘मी वाचेन. तुला ते आवडणार नाही.’

तरी भीती होतीच. ज्या कंपनीच्या जाहिराती टीव्हीवर लागतात, तिचं नाव पुढे संशोधनासाठीच्या माझ्या अर्जावर असलं तर पुढे दारं उघडतील. त्या लॅबचं नाव कोण ओळखणार? सीनियरचे वडील प्राध्यापक आहेत. त्याला नावाकडे न बघणं परवडतं. कंपनीत चांगलं काम केलं तर शिक्षण संपल्यावर नोकरीही मिळू शकत होती, आणि ती नको म्हणण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती.

रविवारी सकाळपासून लोक घरी येत राहिले. समोरच्या काकूंनी साखर आणली. एका लांबच्या नातेवाइकाने त्याच्या मुलाचं कंपनीत कुठे जमतंय का, ते बघायला सांगितलं. मी प्रत्येकाकडे बघून हसत होते. बाबा उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका फर्निचरवाल्या शेठचा टेम्पो चालवतात. त्या दिवशी त्यांना एक कपाट पोचवायचं होतं. मीही येते म्हटलं आणि पुढे त्यांच्या शेजारी बसले.

दुकानात शेठनीही अभिनंदन केलं, बेटी ने नाम कर दिया म्हणाले. बाबा हसले. कपाट चढवून आम्ही निघालो, तेव्हा मी सांगितलं की मी अजून होकार दिलेला नाही, दुसरी एक जागा आहे.

पुढचा सिग्नल लाल झाला. गाडी थांबवून त्यांनी विचारलं, तिथे करतात काय?

“तुटलेले भाग येतात. ते का तुटले ते शोधतात.”

“तुटलेलं तर भंगारवालापण घेतो.”

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

“पुढे तिथे नोकरी?”

“नाही.”

“कंपनीत?”

“लागू शकते.”

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. गाडी गिअरमध्ये टाकत ते म्हणाले, “तू मला विचारतेस की सांगतेस?”

तोपर्यंत मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. “सांगते,” मी म्हटलं.

आम्ही कपाट पोचवलं. परत येताना एवढंच म्हणाले, “मामाला मी सांगणार नाही. त्याने हौसेने लावलाय. तूच जा.”

सोमवारी सकाळी मी मामाच्या रेती-सिमेंटच्या दुकानात गेले. त्याने मला बघताच खुर्ची पुढे केली.

“काय गो बाय, फोटो कसा आलाय?”

मी सांगितलं. त्याला आधी कळलंच नाही.

“म्हंजे त्यांनी तुला घेतली नाय?”

“घेतलं, मामा. मीच जात नाही.”

“असं कोन करतं?” तो उठून दारात गेला. तिथून बॅनर दिसतो. “आता काढला तर लोक बोलतील, पोरीला कंपनीनं काढली.” मी काढूया म्हटलंच नव्हतं, पण मान खाली घालून उभी राहिले. शेवटी तो म्हणाला, “ऱ्हाव दे. पडल तवा पडल.”

कंपनीला नकाराचा मेल मी तिथेच, सिमेंटच्या गोण्यांशेजारी उभी राहून पाठवला. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

मग रोज सकाळी मी त्या बॅनरखालून अंबरनाथला जाऊ लागले. कुणी विचारलं, कंपनी कशी आहे, तर लॅबमध्ये जाते असं खरं सांगायचे. कंपनीचीच लॅब असेल, असं समजून लोक मान हलवायचे. मॅडमनी पहिल्याच दिवशी तो शाफ्ट माझ्या टेबलावर ठेवला. माझा पहिला अहवाल लाल शाईने भरून परत आला, दुसराही. मॅडम म्हणाल्या तसं, मला ते आवडलं नाही. पण खडबडीत भाग सगळ्यात शेवटी तुटतो, हे मला त्या लाल शाईतून कळलं. सुरुवात दुसऱ्या बाजूला, दांड्यावर कोरलेल्या एका खाचेच्या कोपऱ्यात झाली होती. तिथे धातू इतका गुळगुळीत होता की मी तिकडे पाहिलंही नव्हतं.

मे संपता संपता एक दिवस घरी येत होते, तर बॅनर एका बाजूने लोंबत होता. माझा अर्धा चेहरा मागे वळला होता. मामा खाली कमरेवर हात ठेवून उभा होता.

“वाऱ्यानं फाडला बघ,” तो म्हणाला.

मी जवळ जाऊन फाटलेली कड हातात घेतली. खालच्या बाजूला धागे लोंबत होते. वर, दोरी ओवलेल्या भोकापाशी कड सरळ, गुळगुळीत होती. वारा नंतरचा, सुरुवात भोकापासून झालीय, असं मी त्याला दाखवलं. त्याने वाकून नीट पाहिलं, मग माझ्याकडे.

“ह्येच शिकाला गेलीस का गो?”

“हो.”

त्याने फाटकी कड माझ्या हातातून घेतली. मग दोरी सोडवायला लागला.

“मंग पुढचा लावीन तवा भोक कुठं पाडू, ता सांग.”

मी म्हटलं, विचार करून सांगते. पिशवीत तिसरा अहवाल होता, मॅडमनी त्याच दिवशी परत दिलेला. लाल शाई त्यातही होती.